पोस्टाच्या भिंतीवरचं माझं नाव

प्रिय मामा,

त्या गुरुवारी सकाळी मी देवपूजा उरकली, दत्ताच्या तसबिरीला झेंडूचं फूल वाहिलं आणि चहासुद्धा न घेता आपल्या पोस्टात गेलो. पोस्ट उघडायला अजून वेळ होता. व्हरांड्यात चढलो, खिडकीशेजारच्या भिंतीला कान लावला आणि बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत सरकत गेलो. तुम्ही शिकवलं होतंत अगदी तसंच. पायरीवर नाना पोस्टमन बसला होता. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी सकाळी पोस्टाच्या पायरीवर बसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो म्हणाला, "काय मिस्त्री, काय म्हणती भित? तार आली का कुनाची?"

मला हसू आलं नाही. भिंत खालपासून छातीपर्यंत पोकळ वाजत होती. बद्द, बद्द. तार खरंच आली होती, मामा. तुमचीच होती, आणि मला ती वीस वर्षं उशिरा मिळाली.

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. तुम्ही होतात तेव्हा आपण रोज भेटत होतो, पण हे बोलता आलं नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. आपल्या दोघांच्या मधे एक मोठी अडचण उभी होती. मी तुमचा जावई होतो!

त्याआधी मात्र मी तुमच्या हाताखालचा गडी होतो. दहावीला गणितात नापास झालेला, उंच, बारका दत्तू. आठवतो का तो पहिला दिवस? पोस्टाची कौलं परतायचं काम तुम्ही घेतलं होतंत. मला वाटलं, आता पाट्या उचलायला लावतील. तुम्ही म्हणालात, "आज कायबी करू नको. निसती ही इमारत बघ. सांजच्याला मला सांग काय बघितलं."

मी दिवसभर बघितलं. संध्याकाळी येऊन सांगितलं, "काळा दगड हाय. वर कौलं हायेत."

तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "आरं, येवढं तर म्हशीलाबी दिसतं!"

मग तुम्ही माझं मनगट धरून मला त्या इमारतीभोवती फिरवलंत. एवढ्याशा गावातलं एवढंसं पोस्ट, पण तुम्ही ते असं दाखवलंत, जसं कुणी देऊळ दाखवावं. माझी शाळा गावातली, मामा. तिथले गुरुजी चांगले होते, पण बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत.

जोतं एवढं उंच का, हे मी कधी विचारलंच नसतं. तुम्ही सांगितलंत, टांग्याची फळी आणि हे जोतं एका पातळीत येतात. डाकेची थैली उचलायची नाही, नुसती सरकवायची. आणि टांग्याच्याही आधी डाक माणसाच्या पायानं यायची. खांद्यावर थैली, हातात घुंगरं लावलेली काठी, आणि हलक्या पळतीनं येणारा तो डाकवाला. व्हरांड्यात उजव्या हाताला जो आडवा दगड आहे, मधोमध खोलगट झालेला, तो त्याच्या टेकण्याचा. "घुंगरं ऐकू आली की आमचा आजा काम टाकून पानी काढून ठेवायचा," असं तुम्ही म्हणायचात. तुमचा आजा त्या बांधकामावर गवंडी होता. ते सांगताना तुम्ही छाती फुगवत नव्हतात, उलट आवाज खाली आणायचात. देवाचं नाव घेताना माणूस आणतो तसा.

पोस्टमास्तरांची खिडकी उत्तरेला का? कारण तिच्यात ऊन शिरत नाही आणि दिवसभर उजेड हटत नाही. वजनकाट्याचा काटा सकाळी जसा दिसेल तसाच संध्याकाळी दिसला पाहिजे. वळचणीखाली दगडी जाळी का? गरम हवा वर जाऊन तिथून बाहेर पडते. वैशाखात आतल्या खोलीत गेलं की अजूनही माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. फरशीला दाराकडे अगदी नखभर उतार, धुतलेलं पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून. तुम्ही फरशीवर एक गोटी ठेवलीत आणि ती हळूहळू दाराकडे निघाली. मी तोंड वासून बघत राहिलो!

समोरच्या तीन कमानी आठवल्या की अजून हात जोडावेसे वाटतात. लोखंडाची एक सळई नाही. दगड दगडाला धरून उभा आहे. किती दिवाळ्या गेल्या, किती मास्तर आले आणि बदलून गेले, कमानीची रेघ इकडची तिकडे झाली नाही.

पण मला सगळ्यात आवडायचा तो पत्राच्या पेटीखालचा दगड. भिंतीत पितळी झाकणाची फट आहे ना पत्रं टाकायची, तिच्या बरोबर खाली जोत्याचा एक दगड वीतभर बाहेर आलाय. इमारत बांधून घेणाऱ्या साहेबाच्या नकाशात तो नव्हता. तुमच्या आज्यानं बसवला. म्हणाला होता, "बाया आन पोरं काय उड्या मारून पत्र टाकत्याल?" साहेब तपासायला आला, त्यानं तो दगड बघितला. मग खिशातून स्वतःचंच एक पत्र काढलं, दगडावर पाय दिला आणि आत टाकलं. "सायबच बुटका हुता!" असं म्हणून तुम्ही दर वेळी नव्यानं हसायचात. ती गोष्ट मी पन्नास वेळा तरी ऐकली असेल. आता एकदा ऐकायला मिळाली तर?

आणि चुना! मागच्या परसात, आताच्या मास्तरबाईंची स्कूटी उभी असते तिथं, जमिनीत तो गोल चर अजून आहे. बैल जुंपून, दगडी चाक फिरवून तिथं चुना दळायचे. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा. मी विचारलं होतं, "मिस्त्री, भिंत बांधायची का काढा करायचा?" तुम्ही म्हणालात, "काढाच हाय. भित आजारी पडू न्हाई म्हनून."

मग माझं शालनशी ठरलं. तुमच्याच घरी जेवत होतो, तुमच्याच पोरीच्या हातचं. तुम्हीच पुढाकार घेतलात. पण साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर तुम्ही म्हणालात, "या पाव्हनं, बसा." मला वाटलं, मागं कुणी आलंय. वळून बघितलं, कुणीच नव्हतं!

त्या दिवसापासून तुम्ही मला कधी रागावला नाहीत. मामा, तिथंच तुमचं चुकलं, असं आज म्हणू का? ओळंबा सुटला तरी तुम्ही गप्प. माल पातळ झाला तरी गप्प. मी घरी गेल्यावर तुम्ही गुपचूप ते नीट करून ठेवायचात. सकाळी ते माझ्या लक्षात यायचं, आणि मीही गप्प. जावई म्हणजे नारायण, असं आपल्याकडं मानतात. नारायणाला कोण सांगणार, तुझा कोपरा काटकोनात नाही म्हणून?

पुढं मी राहात्याकडच्या बांधकामांवर चार वर्षं काढली. सिमेंटचं काम शिकलो. परत आलो तो लहानसा ठेकेदार होऊन, हाताखाली पाच माणसं घेऊन. आणि पहिलंच सरकारी काम मिळालं ते आपल्या पोस्टाचं. तेव्हाच्या मास्तरांना खिडकीशेजारची चुन्याच्या गिलाव्याची भिंत आतून-बाहेरून स्वच्छ हवी होती. कारण तिथं अंगठे होते.

ते अंगठे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. रजिस्टर पत्र घेताना, मनीऑर्डर घेताना ज्यांना सही येत नव्हती ते अंगठा द्यायचे, आणि मग शाईनं भरलेला अंगठा खिडकीशेजारी भिंतीला पुसायचे. वर्षानुवर्षं. कमरेपासून खांद्यापर्यंत तो एक पट्टाच झाला होता, निळा-काळा, माशांच्या खवल्यांसारखा. दिवाळीला तुम्ही पोस्टाला चुना लावायचात तेव्हा तेवढा पट्टा सोडून लावायचात. एका मास्तरांनी विचारलं तर म्हणालात, "सायेब, ह्या सह्या हायेत. सह्यांवर चुना लावत न्हाईत."

माझ्या आईचाही अंगठा त्यात होता. वडील उसाच्या तोडीला जायचे. त्यांचं काही आलं की ती मला कडेवर घेऊन इथं यायची. घरी आल्यावर तिचा अंगठा कितीतरी वेळ निळा असायचा, आणि ती भाकरी थापताना तो पिठात बुडून पांढरा व्हायचा. हे सगळं मला माहीत होतं, मामा. तरीही मी काम घेतलं.

त्या सकाळी तुम्ही आलात. भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिलात. म्हणालात, "पाव्हनं, शिमिट लई चांगलं. पर नव्या भितीला. ही चुन्याची हाय. हिला श्वास लागतो."

आणि मी काय म्हणालो? पाच माणसं ऐकत होती, मास्तर आत बसले होते, मला मोठं दिसायचं होतं. मी म्हणालो, "मामा, भिंतीला कुठं नाक असतं व्हय?"

सगळी हसली. तुम्हीसुद्धा थोडं हसलात. खांद्यावरचा पंचा झटकलात, तुमची थापी उचललीत आणि म्हणालात, "बरं. तुमचं काम तुमी बघा." आणि गेलात.

मी भिंतीला टाचे मारले. टिकावाच्या टोकानं, सिमेंट धरावं म्हणून. अंगठ्यांवर टाचे मारले, मामा! मग सिमेंट चढवलं, घोटून आरशासारखं केलं, आणि खिडकीच्या वर कोपऱ्यात ओल्या सिमेंटवर खिळ्यानं लिहिलं, दत्तात्रय मिस्त्री. मास्तरांनी पाठ थोपटली. घरी जाताना मी पेढे घेऊन गेलो होतो.

त्यानंतर तुम्ही पोस्टाच्या रस्त्यानं जाणं सोडलंत. बाजारात जायला मारुतीच्या देवळाकडून वळसा घालायचात. मला वाटलं, तो चढ तुमच्या गुडघ्यांना झेपत नसेल. मी एवढा कसा आंधळा होतो? तुम्ही तर सत्तरीतही शिडीवर चढत होतात!

आणि दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला की तुम्ही मला बोलवायचात. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. तुम्ही स्वतः माझ्या पायावर पाणी घालायचात. ताटात अनारसे, वर दिवा. तुमचे हात थरथरायला लागले तरी तुम्ही ते मुलावर सोपवलं नाहीत. चुन्यानं चिरलेली ती बोटं माझ्या पावलांवरून फिरायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. मी हसायचो. तुम्ही मान खाली घालून पाणी घालत असायचात. तेव्हा तुमच्या मनात काय चाललेलं असायचं? एकदा तरी वर बघून म्हणायचंत, "दत्तू, भित खराब केलीस." मी ऐकलं असतं का? माहीत नाही. पण तुम्ही म्हणायला हवं होतंत.

आता त्या गुरुवारचं सांगतो. त्याच्या आठ दिवस आधी पोस्टाचे मोठे साहेब इमारत बघून गेले होते. ओल छातीपर्यंत चढली होती, आतल्या कपाटातल्या वह्या बुरशीनं काळ्या पडल्या होत्या. ते म्हणाले, इमारतीचं आयुष्य संपलं. स्टँडच्या मागं एक गाळा आहे, पोस्ट तिकडं न्यायचं, आणि ही धोकादायक म्हणून पाडायची. आत्ताच्या मास्तर एक तरुण बाई आहेत. आम्ही मॅडम म्हणतो. त्यांनी मला निरोप पाठवला, "मिस्त्री, कोपऱ्यात तुमचं नाव आहे. तुम्हीच केलंय ना हे? एकदा बघता का?"

बघितलं. ऐकलं. आणि मला कळलं. जमिनीतली ओल चुन्याच्या भिंतीत चढते आणि चुन्यातूनच उडून जाते. मी दोन्ही बाजूंनी तिचं तोंड बंद केलं होतं. पाणी आतच राहिलं आणि वीस वर्षं वर वर चढत गेलं. नाक दाबल्यावर माणसाचं होईल ते भिंतीचं झालं.

मॅडमना मी म्हणालो, "बघतो, सांगतो." आणि घरी येऊन गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. मिरजगावपासून घोडेगावपर्यंत माझी कामं चालतात. मिस्त्रीनं केलेल्या भिंतीनं पोस्ट पडलं, हे एकदा लोकांच्या तोंडी गेलं की संपलं. इमारत जुनी होती, असंच सगळे समजत होते. मी बोललो नसतो तर कुणाला कळलं असतं?

पंधरा दिवस मी पूजेला बसायचो आणि दत्ताच्या तसबिरीकडं बघायचं टाळायचो. शालननं ते बरोबर हेरलं. ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "पोस्टाचं काय ते सांगून टाका की."

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? आप्पा त्या रस्त्यानं का जात नव्हते, तुमाला खरंच ठावं न्हाई? सगळ्या गल्लीला ठावं हाय."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. ती म्हणाली, एकदा तिनं तुम्हाला विचारलं होतं, आप्पा, यांना सांगत का नाही? तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "जावयाची चूक आपुन काढू नाई, पोरी. भित काढंल."

भित काढंल! अठरा वर्षं तुम्ही वाट बघितलीत. ती काढायच्या आधीच निघून गेलात.

महाशिवरात्रीनंतर साहेब परत आले, गाळ्याचं नक्की करायला. व्हरांड्यात आठ-दहा माणसं होती. नाना त्याच्या जागेवर. साहेब फाईल उघडून मॅडमना सांगत होते, इमारत थकली, काही इलाज नाही. मी सकाळपासून उपाशी होतो. पुढं झालो आणि म्हणालो, "सायेब, इमारत थकली न्हाई. मी आजारी पाडलीय तिला."

सगळं सांगितलं. चुना, सिमेंट, श्वास. तुम्ही काय म्हणाला होतात आणि मी काय म्हणालो होतो, तेही सांगितलं. नाना म्हणाला, "घ्या! आन आमी वीस वर्सं म्हनतोय, हल्ली पाऊसच लई पडतो." लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग माझ्याबी घराची भित बघा मिस्त्री, तुमीच केलीया." परत हसले. मीही मान हलवली. वीस वर्षांपूर्वी त्याच जागेवर लोक तुमच्यावर असेच हसले होते ना?

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "हे लेखी द्याल? तुमचंच नाव खराब होईल."

"देतो."

मॅडमच्या टेबलावर बसून लिहून दिलं. माझं अक्षर काही बरं नाही, पण त्या दिवशी नीट आलं. वर हेही लिहिलं की सिमेंट काढून चुना मीच करीन, त्याचं काही घेणार नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "वरून मंजुरी मी आणतो. पावसाळ्याआधी भिंत कोरडी दिसली तर माझा अहवाल बदलेन. नाही तर गाळा."

पाडवा झाला आणि मी छिन्नी लावली. माणसं घेतली नाहीत. खालून सुरुवात केली. सिमेंट पोकळ झालंच होतं, मोठमोठे तुकडे सुटून यायला लागले. पहिला तुकडा उलटा केला, मामा. त्याच्या पाठीवर अंगठे होते! भिंतीवरची चुन्याची साय सिमेंटला चिकटून आली होती आणि तिच्यावर ते निळे-काळे ठसे. मधेमधे माझ्या टाच्यांचे खड्डे, आणि खड्ड्यांच्या मधे अंगठे. काही तुकड्यांवर आले, काही भिंतीवरच राहिले. दोन हात रुंद पट्टा अजून भिंतीला आहे.

नानाला बोलावलं. तो चष्मा वर करून अगदी जवळून बघायला लागला. "ही भागाबाई. तिचा अंगठा वाकडा हुता. आन ह्यो शंकर धनगर. ह्यो दाबून द्यायचा, जनू भितीशी भांडान हाय." त्याला खरंच ओळखू येत होते की तो उगाच सांगत होता, कोण जाणे. मी आईचा शोधला. खूप शोधला. सापडला नाही. किंवा सापडला असेल, मला ओळखता आला नाही. मग मी भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि तो कपाळाला लावला.

सगळा वैशाख भिंत उघडी ठेवली. मॅडम रोज सकाळी एक कोरा कागद भिंतीला लावून ठेवायच्या आणि संध्याकाळी काढून बघायच्या. आधी आधी कागद मऊ, लोंबता निघायचा. मग एक दिवस त्यांनी दारातूनच हाक मारली, "मिस्त्री, ऐका!" आणि कागद कानाशी धरून वाजवला. पापडासारखा कडक!

मधल्या दिवसांत मी चुना भिजत घातला होता. गूळ, बेलफळ, हिरडा, सगळं तुमच्या मापानं. आणि यंदा धोंड्याचा महिनाही आला. तुमचा बाळासाहेब बोलवायला आला. "दाजी, आप्पा न्हाईत म्हनून धोंडा चुकवायचा न्हाई. ताटात काय ठिवू सांगा."

मी म्हणालो, "अनारसे नको. आप्पांची थापी दे."

त्यानं डोकं खाजवलं. "ती व्हय? ती गोठ्यात हाय. आमची ही तिनं शेण खरवडती!"

रागावू नका मामा, धुऊन आणली त्यानं. पाटावर बसलो, आणि त्याला पायावर पाणी घालू दिलं नाही. म्हणालो, तेवढं आप्पांचं काम होतं. ताटात दिवा आणि शेजारी थापी. तुमच्या अंगठ्यानं तिच्या लाकडी मुठीला खळगा पडलाय, त्यात माझा अंगठा बरोबर बसतो. याच थापीनं चुना चढवला. अंगठ्यांचा पट्टा सोडून.

साहेब गेल्या सोमवारी आले. भिंतीच्या उघड्या, कोरड्या पट्ट्यावर तळहात ठेवून उभे राहिले, अगदी तुमच्यासारखे. मग आतली कपाटं उघडून बघितली, फायलीत काहीतरी खोडलं आणि मॅडमना म्हणाले, "गाळेवाल्याला सांगा, दुसरा भाडेकरू बघ." पोस्ट कुठंही जात नाही, मामा. जोतं, जाळी, कमानी, बुटक्या साहेबाचा दगड, सगळं जागच्या जागी आहे.

एकच गोष्ट राहिली होती. वरच्या कोपऱ्यातलं माझं नाव. तिथवर ओल पोचली नव्हती, म्हणून तेवढं सिमेंट घट्ट होतं. सगळी भिंत चुन्याची आणि कोपऱ्यात हातभर काळपट तुकडा. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या ते. शेवटी भिंत तुम्हीच वाचवली." नाना म्हणाला, "आसूं द्या मिस्त्री, वळख ऱ्हाती." खरं सांगू? मला मोह झाला. चार दिवस मी खाली काम करायचो आणि वर बघायचो. तुमच्या आज्यानं कमानी उभ्या केल्या आणि कुठं एक अक्षर कोरलं नाही. तुम्ही चाळीस वर्षं तिला जपलंत, तुमचं नाव कुठं आहे? आणि मी जिला आजारी पाडलं, तिच्यावर माझं नाव!

मामा, एक शब्द देतो तुम्हाला. आपल्या सुमनचं, तुमच्या नातीचं, पुढच्या वर्षी लग्न करायचंय. जावई येईल. त्याच्या पायावर पाणी घालीन, ताट करीन, तुम्ही जसं केलंत तसंच सगळं करीन. पण त्याचं काही चुकलं तर त्याला समोर बसवून, चहा पाजून, तोंडावर सांगीन. भिंतीवर सोडणार नाही. तेवढं मी तुमच्यासारखं करणार नाही.

आणि हा चुना अजून कच्चा आहे. त्यावर ओलं गोणपाट लावून ठेवलंय. सकाळ-संध्याकाळ ते भिजवायला मी येत जाईन, पुरते एकवीस दिवस, देवळाकडचा वळसा न घेता सरळ पोस्टाच्या रस्त्यानं.

आज सकाळी पूजा करून आलो, शिडी लावली आणि छिन्नी त्या कोपऱ्यावर ठेवली. घट्ट होतं, बराच वेळ लागला. आधी 'मिस्त्री' निघालं, मग 'दत्तात्रय'. तुकडे पाटीत भरले आणि त्या जागी तुमच्या थापीनं चुना लावला.

तुमच्या हाताखालचा गडी,
दत्तू